बेबीताई आणि मोड आलेले वाल

मीरा, परवा व्हिडिओ कॉलवर जेवता जेवता तू सहज म्हणालीस, "आजी, मी आमच्या शाळेतल्या काउन्सेलरकडे जाते दर मंगळवारी." शेजारी तुझा भाऊ ईशान बसला होता, मागे तुझी आई भांडी आवरत होती, आणि तू हे असं सांगितलंस की जणू पोहायच्या क्लासला जातेस. मी "बरं, छान" म्हणाले आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ बसून राहिले. मला बेबीताई आठवल्या. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. तुमच्यापैकी कोणी त्यांना पाहिलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे. मराठी वाचताना अडलात तर बाबाला विचारा. त्याला यातला एक भाग आधीच ठाऊक आहे.

बेबीताईंचं खरं नाव काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. साठी उलटलेल्या, उंच, रुंद खांद्यांच्या बाईला सगळा कामोठ्याचा परिसर बेबीताई म्हणायचा आणि कोणालाही हसू यायचं नाही. त्या इथल्याच, जुन्या गावच्या. इमारती यायच्या आधी त्यांच्या घरची भातशेती होती. पुढे जमिनी गेल्या, त्या बदल्यात प्लॉट आले, गावात पैसा आला. त्या म्हणायच्या, "बापाची सेती गेली तवा बापाला काम नव्हता. आता पोराला गाडी हाय, तरी काम नाय. बसून बसून मानूस आतून आंबतो." तीस वर्षं त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला, स्वतःच्या मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांत बसून परीक्षा दिली, आणि समाजमंदिरातली बालवाडीची खोली दर गुरुवारी दुपारनंतरसाठी मागून घेतली.

फी वीस रुपये. नसतील त्यांनी जाताना खोली झाडायची. एकदा एक बिल्डर मुलीला घेऊन आला होता. त्याने पाचशेची नोट काढली. बेबीताईंकडे सुटे नव्हते. त्यांनी दाराआडचा झाडू त्याच्या हातात दिला, आणि त्याने तो मुकाट्याने मारलाही. कोपऱ्यातला कचरा राहिला होता, तो त्याच्या मुलीने दाखवला.

मी तिथे गेले ते मदतनीस म्हणून. तुमचे आजोबा गेल्यावर दिवस लांबलचक झाले होते, आणि विमा कंपनीच्या कचेरीत आयुष्य गेल्यामुळे मला कागद नीट लावता येतात एवढा एक गुण माझ्याजवळ होता. पहिल्याच गुरुवारी मी घरून फॉर्म छापून नेले. नाव, पत्ता, वय, तक्रार, तक्रारीचा कालावधी, असे रकाने. इंग्रजीत आणि मराठीत, दोन्ही. बेबीताईंनी एक फॉर्म हातात घेतला, उलटसुलट पाहिला, म्हणाल्या, "कागद मस्त जाड हाय हो." आणि टेबलावर उपडा पसरून त्यावर वालाची सालं टाकायला सुरुवात केली. पुढचे चार गुरुवार माझे फॉर्म सालांसाठीच वापरले गेले. पाचव्या गुरुवारी मी जुनी वर्तमानपत्रं नेली.

आता वालांचं सांगते.

कोणी पहिल्यांदा फोन केला की बेबीताई सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "आज कडवे वाल भिजत घाला. उद्या फडक्यात बांधा. परवा मोड येतील, ते घेऊन या. आनि तवर पोराला कोनी काय बोलायचं नाय. वाल मोड काढतोय तवर आपन थांबायचं." माणसं चक्रावायची. पण घरात दोन दिवस त्या पुरचुंडीकडे बघत सगळे गप्प राहायचे, आणि कित्येक घरांत म्हणे तेच पहिले शांत दोन दिवस असायचे.

गुरुवारी ते कुटुंब आलं की बेबीताई वाल कोमट पाण्यात टाकायच्या, मधोमध परात ठेवायच्या, आणि सगळ्यांनी बालवाडीच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसून सोलायचं. वालाची साल निघते सोपी, अंगठ्याने दाबलं की दाणा पुढे सटकतो, पण बघावं मात्र हाताकडेच लागतं. "समोरासमोर बसवलं की मानसं भांडतात, नायतर रडतात," त्या मला म्हणाल्या होत्या. "खाली बघत हात चालू ठेवले की तोंड आपोआप चालतं. आमच्या गावच्या बायका सगळं दुःख असंच बोलत आल्यात. मी काय नवीन केलं?" सोललेले वाल घरी न्यायचे आणि त्या रात्री त्याचं बिरडं करून सगळ्यांनी एकत्र जेवायचं, एवढाच गृहपाठ.

खारघरच्या एका मोठ्या सोसायटीतलं जोडपं एकदा आलं. दोघंही आयटीतली, घाईतली. त्यांनी दुकानातून सोललेल्या वालांचं गोठवलेलं पाकीट आणलं होतं. बाई म्हणाल्या, "ताई, टाइम सेव्ह होईल ना." बेबीताईंनी पाकीट उघडलंही नाही. "आता बोलनंपन दुकानातूनच आना," त्या म्हणाल्या. त्या जोडप्याचा तेरा वर्षांचा मुलगा त्या खोलीत पहिल्यांदाच हसला. पुढच्या गुरुवारी ती बाई स्वतःच्या हाताने मोड आणलेले वाल घेऊन आली. अर्ध्यांना मोडच आले नव्हते. बेबीताईंनी तेही चालवून घेतलं.

त्यांचं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला असायचं, नर्सच्या सवयीने, पण गुरुवारी त्या ते काढून पर्समध्ये टाकायच्या. कोणाला "का?" असं विचारताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. त्या "मग?" म्हणायच्या, किंवा "आनि?" आणि गप्प बसायच्या. मी एकदा न राहवून एका मुलीला चांगला सल्ला दिला. चांगलाच होता, अजून वाटतं. बेबीताई नंतर म्हणाल्या, "बाई, तुमचं उत्तर लय चांगलं हाय. पन ते तुमच्याकडंच ठेवा. ती पोर सोताचं शोधत होती, तुमी मधी आलात." मला त्या 'बाई' म्हणायच्या, मी त्यांना 'ताई'. आणखी एक त्यांचं वाक्य होतं: "घाई रुग्नवाहिकेला." कोणी पालक 'किती दिवसांत नीट होईल' विचारू लागले की हे यायचं.

पण खरोखर घाई करायची वेळ आली की त्या वेगळ्याच होत. ते मी एका घराच्या बाबतीत पाहिलं, आणि आता त्याच घराबद्दल लिहिणार आहे. नावं बदलली आहेत. खरी विचारू नका.

हणमंत कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी कामगार. मूळ साताऱ्याकडचा. सळ्या, पत्रे, पाइप गाड्यांत चढवायचे आणि उतरवायचे, हे वीस वर्षांचं काम. मुलगा सागर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. घराण्यातला पहिला. त्याची आई संगीता रोज सकाळी डबा द्यायची आणि तो बॅग घेऊन बाहेर पडायचा. चार महिन्यांनी कळलं की तो कॉलेजला जातच नव्हता. पहिल्या सत्रात नापास झाला होता, ते घरी सांगता आलं नाही. तो रोज तळ्याकाठी बाकावर बसायचा, डबा खायचा आणि कॉलेज सुटायच्या वेळेला घरी यायचा. हणमंतने त्याला मारलं नाही. त्याने मुलाशी बोलणंच बंद केलं. मग मुलाने जेवण बंद केलं, मग तोही बोलेनासा झाला.

कळंबोलीत कोणाला कळू नये म्हणून त्यांनी कामोठ्याला आमच्याकडे फोन केला. फोनवर संगीता म्हणाली, "तो एकदाच बोलला ताई. म्हनला, मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं."

हे ऐकल्यावर बेबीताईंनी वालाचं नावही काढलं नाही. चप्पल घातली, रिक्षा केली, त्यांच्या घरी गेल्या आणि त्याच दुपारी तिघांना घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन बसल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गोळ्या आणि बोलणं, दोन्ही चालू ठेवा, मध्ये तोडू नका. परत आल्यावर ताई मला म्हणाल्या, "गोल्या लागतात तिथं गोल्याच लागतात. तिथं सोलून काय व्हनार नाय." आणि मग, डॉक्टरांशी बोलून, पुढच्या गुरुवारपासून परात मांडली.

दोन गुरुवार कोणीही काहीच बोललं नाही. संगीता एकटी सोलायची. तिसऱ्या गुरुवारी हणमंत परातीजवळ सरकला. लोखंड उचलून त्याची बोटं एवढी जाड आणि राठ झाली होती की दाणा सालीतून निघायच्या ऐवजी चेंगरायचाच. एक चेंगरला, दोन चेंगरले, पाच चेंगरले. तो स्वतःशीच पुटपुटला, "च्यायला, ह्यो बी न्हाय जमत." तेव्हा सागरने हात पुढे केला, बापाचा अंगठा धरून जरा तिरका केला, दाबला. दाणा आख्खा बाहेर आला. "असं," सागर म्हणाला. त्या खोलीतला त्याचा पहिला शब्द. बेबीताईंनी मान वर केली नाही. मीही केली नाही. पण मला आठवतं, माझ्या हातातला सोललेला वाल मी पुन्हा सोलत होते.

यानंतर मी जे केलं ते लिहायला सोपं नाही, पण लिहिते.

संक्रांतीनंतर आमच्या वॉर्डातल्या महिला मंडळाचं सामूहिक हळदीकुंकू होतं, समाजमंदिराच्या अंगणात. मी तिळगूळ देत होते. रांगेत संगीता आली. नटून आली होती, मला बरं वाटलं. मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि माझ्या नेहमीच्या स्पष्ट, कचेरीच्या आवाजात म्हणाले, "सागर बोलायला लागला ना आता? सोडू नका हं मध्येच. बेबीताईंकडे येत राहा." आस्थेने विचारलं होतं. रीत म्हणून विचारलं होतं. तिच्या मागे ज्या बाई उभ्या होत्या, त्या हणमंतच्या माथाडी टोळीच्या मुकादमाच्या पत्नी होत्या. संगीताला हळदीकुंकवाला घेऊन आल्या होत्या त्याच. संगीताचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. तिने वाण घेतलं नाही.

पुढच्या गुरुवारी तिघंही आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. मग संगीताचा फोन आला, बेबीताईंनी तो स्पीकरवर ठेवला नव्हता तरी मला ऐकू आला. "टोळीतले ह्यांना म्हनतात, पोरगं येडं झालंय व्हय तुजं? ह्यांनी गोळ्या बी कचऱ्यात टाकल्या, ताई. दार लावून बसलाय तो."

मी म्हणाले, "ताई, मी आत्ता जाते आणि माफी मागते."

"तुमी त्यांच्या दारात गेलात की शेजारीन इचारेल, ह्या बाई कोन. परत तेच." त्या दम घ्यायला थांबल्या. त्या दिवसांत त्यांना दम लागायचा. हृदयाचं दुखणं होतं, पण आम्हाला सांगत नसत. "उद्या दुपारी चला माझ्यासंगती. बाजारात. जिथं मोडलं तिथंच जाऊ."

मी आयुष्यात कळंबोलीच्या लोखंड बाजारात पाऊल ठेवलं नव्हतं. ट्रकांच्या रांगा, सळ्यांचे ढीग, हवेत गंज. जेवणाची सुट्टी होती. हणमंतची टोळी एका पत्र्याच्या शेडखाली डबे उघडून बसली होती. आम्हाला पाहून हणमंत उभा राहिला आणि त्याचा चेहरा काळवंडला. मुकादम म्हणाला, "कोण पायजे बाई?"

"बसायला जागा पायजे," बेबीताई म्हणाल्या, आणि एका सळ्यांच्या जुडीवर बसल्याही. कोणीतरी भाकरी पुढे केली. त्यांनी ती घेतली, ठेचा घेतला, आणि खाऊ लागल्या. मुकादमाला राहवेना. "तुमीच का त्या डोक्याच्या डॉक्टर?"

"डॉक्टर नाय. नर्स व्हते. ठेचा झनझनीत हाय, कोनी केला?"

सगळे हसले. हणमंत हसला नाही. तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ह्याच त्या. ह्यांच्यामुळं मला तोंड दाखवायला जागा ऱ्हाइली न्हाय."

बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या भाकरी मोडत राहिल्या. त्या काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या बोलणार नाहीत.

मुलांनो, आता लिहिते ते बाबाला विचारून लिहिते आहे. तो तिकडे परदेशातच कायमचा राहायचं ठरवून मोकळा झाला, आणि आजोबांच्या शेवटच्या आजारात त्याला वेळेवर येता आलं नाही. त्यानंतर दोन वर्षं आम्ही फोनवर हवापाणी आणि औषधं यांपलीकडे काही बोललो नाही. आणि मी महिन्यातून एकदा, बाकीचे गेल्यावर, त्या बुटक्या खुर्चीवर बेबीताईंसमोर बसून वाल सोलायचे. फी वीस रुपये, त्यांनी मला सूट दिली नव्हती. हे कोणालाही माहीत नव्हतं.

ते मी त्या शेडखाली सांगितलं. सात-आठ अनोळखी पुरुषांसमोर, उभी राहून. म्हणाले, "चूक माझी आहे. हणमंतरावांची किंवा त्यांच्या मुलाची नाही. आणि मी यांच्याकडे कागद लावायला जाते असं सगळ्यांना वाटतं. मी माझ्यासाठीही जाते. माझ्या मुलाशी मला बोलता येत नव्हतं."

मुकादमाने मान खाजवली. "आयला. विंग्रजी शिकलेल्या बाईला बी लागतंय व्हय?"

"तिला जास्त लागतंय," बेबीताई म्हणाल्या. "लय सोलावं लागतं."

या वेळी हणमंतही हसला, नको असताना. मुकादमाने त्याच्याकडे न बघता म्हटलं, "हणम्या, गुरुवारी अर्ध्या दिवसानं जा. आमी बघतो गाडीचं."

रिक्षात बेबीताई डोळे मिटून बसल्या होत्या. मी म्हणाले, "मी बोलावं म्हणूनच तुम्ही मला नेलंत ना?"

"नाय. मी भाकर खायला गेले व्हते. माफी मागायची तर तोंडावर, म्हनून तुमाला नेलं. बाकीचं तुमी केलंत. तुमचं ते मी कधीच सांगितलं नसतं, मेले तरी." ते खरं होतं, हे मला आजही ठाऊक आहे.

त्यानंतरचा गुरुवार हा बेबीताईंचा शेवटचा गुरुवार ठरला. पुढच्या आठवड्यात त्या इस्पितळात दाखल झाल्या आणि महिन्याभरात गेल्या. मी तिकडे जाऊ शकले नाही, कारण माझा पाय मुरगळला होता. त्यामुळे माझ्यासाठी शेवटच्या बेबीताई त्याच, त्या गुरुवारच्या.

तिघंही आले. सागर वाळला होता. फोन आला त्याच संध्याकाळी ताई संगीताला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या, गोळ्या परत सुरू झाल्या होत्या. बेबीताईंनी त्यांना आत बसवलं, दोन मिनिटं थांबल्या, आणि मग त्यांनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. उठून बाहेर आल्या, दार ओढून घेतलं, आणि व्हरांड्यातल्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. जोरात श्वास घेत होत्या.

"आत कोण आहे त्यांच्यासोबत?" मी विचारलं.

"त्यांचे तेच."

आतून आधी परातीत वाल पडल्याचाच आवाज येत होता. मग हणमंतचा आवाज चढला. शब्द कळले नाहीत. मग एक दुसरा आवाज, जो मी कधी ऐकला नव्हता, फाटलेला, मोठा: "मला न्हाई जमत ते! चारदा सांगायला आलो तुमाला, चारदा! तुमी जेवत होता, नायतर झोपला होता!"

मी उभी राहिले. बेबीताईंनी माझ्या पदराचं टोक धरलं आणि मला खाली बसवलं.

"मग वरडून सांगायचं की!" आतून हणमंत.

"सांगतोय की आता वरडून!"

सागर आज कुठे आहे, काय करतो, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर इथल्या कोणालाही ओळखू येईल. तो आहे, सकाळी उठून कामावर जातो, आणि इंजिनिअर नाही, एवढंच.

त्या गुरुवारी आतला आरडाओरडा चालूच होता. समाजमंदिराचा रखवालदार धावत आला, बेबीताईंनी त्याला हातानेच परत पाठवलं. त्यांनी पाठ भिंतीला टेकवली होती, डोळे मिटले होते. आत ऐकू जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडावर धरला होता, आणि त्यांचे ते रुंद खांदे हसण्याने गदगदत होते.